स्वरयंत्र काढल्यानंतरचा आवाज : मोजण्याआधी थोडंसं

स्वरयंत्र काढून टाकलेल्या माणसाला मायक्रोफोनसमोर बसवून लांब ‘आ’ म्हणायला सांगितलं, की पुष्कळदा एक विचित्र प्रकार घडतो. खोलीतल्या सगळ्यांना आवाज ऐकू येतो. तो जाड असतो, खरखरीत असतो, थोडा ओलसर असतो, पण तो आवाजच असतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र मूलभूत वारंवारतेच्या रकान्यात ‘अनडिफाइन्ड’ एवढाच शब्द उमटतो. आवाजाच्या विश्लेषणासाठी जगभर वापरली जाणारी ‘प्राट’ ही प्रणाली ॲमस्टरडॅम विद्यापीठात पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडवली. ती फुकट मिळते, आणि तिच्याइतकं उपयोगी साधन या क्षेत्रात दुसरं क्वचितच असेल. पण आवाज कुठून पुढे शोधायचा याची तिची ठरलेली खालची मर्यादा बरीच वर्षं ७५ हर्ट्झ होती. निरोगी पुरुषाचा बोलण्याचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झचा आणि स्त्रीचा २०० च्या आसपासचा असतो, तेव्हा ७५ ही मर्यादा चांगली सैल वाटते. अन्ननलिकेच्या आधाराने बोलणाऱ्या माणसाचा आवाज मात्र ६५ हर्ट्झच्या आसपास असू शकतो. म्हणजे पियानोवरच्या मधल्या ‘सी’पेक्षा दोन सप्तकं खाली, अगदी खोल खर्जात. यंत्र तिथे शोधतच नाही. कधी ते काही सापडलं नाही असं सांगतं, तर कधी भलताच, खऱ्याच्या दुप्पट आकडा देतं. मर्यादा ४० वर आणली, तर तोच आवाज अनेकदा सापडतो.

हे पुस्तक लिहायला घेण्यामागे हाच प्रश्न आहे. आवाज मोजायच्या आपल्या बहुतेक मोजपट्ट्या निरोगी स्वरयंत्रासाठी तयार झाल्या. ज्या गळ्यात स्वरयंत्रच उरलेलं नाही, त्याला त्या जशाच्या तशा लावल्या की निष्कर्ष ठरलेला असतो: आवाज वाईट, फार वाईट, किंवा आवाजच नाही. त्या निष्कर्षाचा रुग्णाला, त्याच्या घरच्यांना, शल्यचिकित्सकाला किंवा स्पीच थेरपिस्टला काडीचाही उपयोग नाही. हा आवाज निरोगी आवाजापासून किती लांब आहे, हे कुणालाही कानाने कळतं. तो कशाने निर्माण होतो, किती टिकतो, ऐकणाऱ्याला त्यातून काय कळतं आणि तो सुधारता येईल का, हे मोजायला हवं. त्यातही ऐकणारा मराठी असेल तर त्याला काय कळतं, हा प्रश्न आपल्याखेरीज दुसरं कोण विचारणार?

ज्यांनी ही शस्त्रक्रिया जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी शरीराबद्दल. आपल्या घशात हवेची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. ती जिथे फुटते तिथे, श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्र बसलेलं असतं. अन्न खाली जाताना हवेची वाट बंद करणं हे त्याचं जुनं काम, आणि आवाज हे त्याला नंतर मिळालेलं काम. कर्करोगामुळे ते पूर्ण काढावं लागलं, की श्वासनलिकेचं कापलेलं टोक गळ्याच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला, कातडीला शिवतात. तिथे कायमचं भोक राहतं. त्याला स्टोमा म्हणतात. त्या दिवसापासून फुप्फुसातली हवा नाकातोंडाशी येत नाही. चहावर फुंकर मारता येत नाही, वास नीट येत नाही, नाक शिंकरता येत नाही, खळखळून हसलं तरी हसण्याचा आवाज होत नाही. बोलणं बंद होतं हे सगळ्यांना माहीत असतं. रडण्याचाही आवाज जातो, हे बहुतेक घरांना शस्त्रक्रियेनंतरच समजतं.

जीभ, दात, टाळू, ओठ हे सगळं मात्र जागेवर असतं, आणि या पुस्तकात हा मुद्दा पुन्हापुन्हा येईल. ‘ळ’ म्हणण्यासाठी जीभ जिथे जायला हवी तिथे ती अजूनही जाते. नाहीसा होतो तो कंप, ज्याच्या जोरावर तिची हालचाल ऐकू जाते. तो कंप दुसरीकडून कुठून आणायचा, हाच गेल्या दीडशे वर्षांचा प्रश्न आहे.

या शस्त्रक्रियेचा पहिला मान थिओडोर बिलरोथ यांना दिला जातो. व्हिएन्नात, ३१ डिसेंबर १८७३ रोजी, त्यांनी कर्करोग झालेल्या एका शिक्षकाचं संपूर्ण स्वरयंत्र काढलं. त्याआधी त्यांचे सहकारी व्हिन्सेंझ चेर्नी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते. बिलरोथ स्वतः संगीतात मुरलेले होते. योहानेस ब्राम्स हा त्यांचा जवळचा मित्र, आणि माणसात सांगीतिकता कशाने येते यावर ते आयुष्याच्या शेवटापर्यंत विचार करत राहिले. ज्याचे कान इतके तयार आहेत त्याने आपल्या रुग्णाला मुकं करून घरी पाठवलं असतं, तर ते मला पटलं नसतं. तसं झालं नाही. त्यांचे सहायक कार्ल गुसेनबाउर यांनी त्या रुग्णासाठी धातूची पत्ती असलेलं एक कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं आणि पुढच्याच वर्षी त्याची माहिती प्रसिद्ध केली. आवाज एकसुरी होता, पण बोलणं समजत होतं. रोग उलटला आणि काही महिन्यांत तो रुग्ण गेला. तरीही या विद्येच्या पहिल्याच प्रसंगात गळा कापणं आणि आवाज परत देणं ही दोन्ही कामं एकाच वेळी हाती घेतली गेली होती, याचं मोल मला फार वाटतं. नंतरच्या काळात कितीतरी ठिकाणी पहिलं काम झालं आणि दुसरं राहून गेलं.

आज तीन मार्ग प्रचलित आहेत. सगळ्यात जुना मार्ग अन्ननलिकेचा. तोंडातली हवा दाबून किंवा ओढून अन्ननलिकेच्या वरच्या भागात घ्यायची आणि लगेच परत सोडायची. परत येताना ती घशाच्या आणि अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या स्नायूला, आतल्या नाजूक आवरणाला थरथरवते, आणि तोच आवाज. याला कोणतंही उपकरण लागत नाही, हात मोकळे राहतात, खर्च शून्य. मात्र शिकायला महिने लागतात, अनेकांना तो जमतच नाही, आणि एका वेळी भरलेली हवा चार-पाच अक्षरांपुरतीच असते.

दुसरा मार्ग म्हणजे इलेक्ट्रोलॅरिंक्स. दाढी करण्याच्या यंत्राएवढी ही वस्तू गळ्याला बाहेरून टेकवायची, बटण दाबायचं, आणि तिच्या गुणगुणीवर ओठ-जीभ हलवून शब्द घडवायचे. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत माणूस बोलू लागतो, ही तिची मोठी बाजू.

तिसरा मार्ग आज बहुतेक मोठ्या रुग्णालयांत पहिली पसंती ठरला आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत छोटं भोक पाडून सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. अंगठ्याने स्टोमा दाबला की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते आणि वर येताना तोच सांधा थरथरवते. मार्क सिंगर आणि एरिक ब्लोम या दोघांनी अमेरिकेत १९८० साली ही पद्धत सुटसुटीत करून मांडली, आणि १९९० मध्ये नेदरलँड्समधल्या हिल्गर्स आणि स्खाउवेनबुर्ख यांनी ‘प्रोव्हॉक्स’ ही झडप आणली. या भोकाची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या एका डॉक्टरने नोंदवलेली हकिगत अशी, की स्वरयंत्र काढलेल्या एका माणसाने बर्फ फोडायचा तापवलेला सुळा स्वतःच्या गळ्यातल्या भोकातून आत घालून ही भिंत भेदली, आणि तो बोलू लागला. आवाजाची गरज किती खोलवरची असते, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

झडपेबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज इथेच दूर करतो. झडप आवाज करत नाही. ती फक्त हवेला वाट देते आणि अन्नपाणी श्वासनलिकेत उतरू देत नाही. आवाज रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूचा असतो. म्हणूनच एकच झडप, एकच शल्यचिकित्सक आणि एकच वय असूनही दोन रुग्णांचे आवाज वेगळे निघतात. झडपेवर बुरशी चढते, ती गळू लागते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते. परदेशी झडपेचा हा वारंवारचा खर्च आपल्याकडच्या कितीतरी कुटुंबांना परवडत नाही. बंगळुरूचे कर्करोग-शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी उद्योजक शशांक महेश यांच्यासोबत एका डॉलरच्या आसपास किमतीची ‘ऑम’ झडप तयार केली, ती याच कारणाने महत्त्वाची आहे.

आता मोजण्याकडे.

निरोगी आवाजात स्वरतंतू सेकंदाला शंभर-दोनशे वेळा जवळजवळ सारख्या अंतराने उघडतात आणि मिटतात. ‘जवळजवळ’ हा शब्द महत्त्वाचा. लागोपाठच्या दोन आवर्तनांच्या कालावधीत किती फरक पडतो, त्याच्या सरासरीला जिटर म्हणतात, आणि लहरींच्या उंचीतल्या फरकाला शिमर. अनेक वर्षं रुग्णालयांत वापरल्या गेलेल्या एका प्रसिद्ध प्रणालीत जिटरची निरोगी सीमा १.०४ टक्के आणि शिमरची ३.८१ टक्के धरलेली होती. आवाजात स्वर किती आणि गोंगाट किती, हे सांगणारं गुणोत्तर हे तिसरं माप. या तीन आकड्यांवर आपल्या क्षेत्रातले असंख्य प्रबंध उभे आहेत.

पण जिटर काढायचा तर आवर्तन कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं, हे यंत्राला आधी सापडायला हवं. जिथे थरथरणारा भाग दोन सुबक पट्ट्यांचा नसून स्नायूचं सुरकुतलेलं, ओलं, लाळेने माखलेलं कडं आहे, तिथे हे आवर्तन पुष्कळदा नसतंच. तरीही यंत्र आकडा देतं. तो आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतो आणि त्यामुळे फार विश्वासार्ह दिसतो. १९९५ साली इंगो टिट्झे यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय आवाज केंद्राच्या कार्यशाळेचा निष्कर्ष मांडला, त्यात याबद्दल स्पष्ट इशारा होता. आवाजाचे संकेत तीन प्रकारचे असतात: जवळजवळ नियमित, मध्येच आपली चाल बदलणारे, आणि ज्यांना चालच नाही असे. जिटर-शिमरसारखी मापं फक्त पहिल्या प्रकाराला लावावीत, आणि तीही साधारण ५ टक्क्यांच्या आतच विश्वासाची. स्वरयंत्र काढलेल्यांचे बहुतेक आवाज या अटीत बसत नाहीत. हा इशारा छापून येऊन इतकी वर्षं झाली, तरी अशा रुग्णांचा १२ टक्के जिटर आणि निरोगी माणसांचा अर्धा टक्का जिटर शेजारी-शेजारी मांडून ‘लक्षणीय फरक’ जाहीर करणारे तक्ते अजून बनतात. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण त्यात रुग्णाने मन लावून दिलेला वेळ वाया गेलेला असतो.

उलट टोकाचं उदाहरण इलेक्ट्रोलॅरिंक्सचं. त्याचा कंप विजेवर चालतो, त्यामुळे तो घड्याळाइतका नियमित असतो. जिटर जवळजवळ शून्य. नुसत्या जिटरवर निकाल लावायचा झाला, तर हा जगातला सगळ्यात सुदृढ आवाज ठरेल, कोणत्याही गायकाच्या वरचा. ऐकणारा मात्र पहिल्याच शब्दाला सांगतो की हे यंत्र बोलतंय. माणसाच्या आवाजातली बारीक अनियमितता कानाला हवी असते, आणि मोजपट्टी तिलाच दोष म्हणते. हे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतलं, तर पुस्तकाचं अर्धं काम झालं असं मी मानेन.

मग पर्याय काय? मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कोरिना फान आस यांचा. त्यांनी ॲमस्टरडॅममध्ये झडपेने बोलणाऱ्यांच्या आवाजावर दीर्घ काम केलं आणि टिट्झे यांची कल्पना या आवाजांसाठी नव्याने बांधली. त्यांची पद्धत अशी: रुग्णाच्या लांब ‘आ’चा स्पेक्ट्रोग्राम काढायचा, अरुंद पट्ट्याचा, आणि आकडा पाहण्याआधी डोळ्यांनी तो पाहायचा. नियमित आवाजात मूळ वारंवारता आणि तिच्या पटीतले हार्मोनिक पडद्यावर पाभरीने पेरलेल्या ओळींसारखे समांतर दिसतात. पहिल्या प्रकारात संकेत दोन सेकंदांहून जास्त स्थिर असतो आणि या ओळी १,००० हर्ट्झच्या वरपर्यंत स्पष्ट असतात. दुसऱ्यात स्थैर्य तेवढंच, पण ओळी फक्त तळाशी. तिसऱ्यात स्थैर्य दोन सेकंद टिकत नाही, ओळी तुटक-तुटक असतात. चौथ्यात त्या नसतातच, किंवा एका सेकंदाच्या आत विरतात. कोणता आवाज मोजता येईल आणि कोणता नाही, हे या चार प्रकारांनी आधीच ठरतं. शिवाय ऐकणाऱ्यांच्या मताशी ही विभागणी चांगली जुळते, हे त्यांनी दाखवलं. ही पद्धत शिकायला महागडं काही लागत नाही. एक बरा मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि शंभरेक स्पेक्ट्रोग्राम पाहिलेली नजर पुरते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या थेरपिस्टला ती आजपासून वापरता येईल, म्हणून या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण तिला दिलं आहे.

सेप्स्ट्रमच्या शिखराची उंची हे दुसरं उपयोगी माप. ते आवर्तनं एकेक करून मोजत बसत नाही. आवाजात एकूण किती नियमितपणा आहे आणि तो गोंगाटाच्या वर किती डोकं काढतो, एवढंच ते पाहतं. त्यामुळे खरखरीत आवाजातही ते कोलमडत नाही आणि सलग बोलण्यालाही लावता येतं. बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी आणखी वेगळा विचार केला. कानाच्या कार्यावर बेतलेल्या त्यांच्या प्रणालीत बोलण्याचे बारीक तुकडे पाडून त्यांतल्या किती टक्के तुकड्यांत स्वर आहे, हे मोजतात. ऐकणाऱ्याच्या बाजूने मोरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पट्टी सुचवली. तिच्यात एकूण छाप, सुबोधता, नको असलेले आवाज, ओघ आणि स्वर असे पाच निकष आहेत. जपानच्या हिरानो यांची जुनी, सर्वपरिचित पट्टी स्वरतंतूंच्या आजारांसाठी आहे. इथे ती लावली की सगळेच रुग्ण ‘तीव्र’ या एकाच रकान्यात जाऊन बसतात, आणि सुधारणा झाली तरी रकाना बदलत नाही.

सुधारणा दिसण्यावर मी इतका भर देतो, त्याला कारण आहे. आवाज मोजायचा तो उपचार ठरवण्यासाठी. झडप बसवूनही आवाज नीट येत नसेल, तर दोन अगदी उलट कारणं संभवतात. अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू फार आवळलेला असेल, तर हवा अडते, आवाज घट्ट होतो आणि मध्येच तुटतो. तो फार सैल असेल, तर आवाज हवेशीर आणि दुबळा येतो. पहिल्या रुग्णाला स्नायूवर छेद किंवा बोटुलिनम विषाचं इंजेक्शन देऊन तो सैल करतात. दुसऱ्याला गळ्यावर बाहेरून बोटाने दाब द्यायला शिकवलं, तर तिथल्या तिथे फरक पडू शकतो. ‘रुग्णाचा आवाज निकृष्ट’ एवढीच नोंद केली, तर या दोघांना एकच कागद मिळतो. स्पेक्ट्रोग्राम, स्वर किती वेळ टिकतो, किती जोर लागतो, हे सगळं शेजारी मांडलं आणि गिळण्याच्या क्ष-किरण चित्रफितीची जोड दिली, की वाट दिसते.

पूर्वीपेक्षा हे आता जास्त गरजेचं आहे. १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात औषधं आणि किरणोपचार वापरून ६४ टक्के रुग्णांचं स्वरयंत्र वाचवता आलं. तेव्हापासून ही दिशा जगभर रुजली, आणि ते चांगलंच झालं. पण त्यामुळे आज ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या गळ्यावर आधीच किरणोपचार झालेले असतात. त्यांच्या ऊती कडक झालेल्या असतात, जखम हळू भरते. अशा गळ्यातून येणारा आवाज १९८४ साली रॉबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी, अन्ननलिकेच्या आणि झडपेच्या आवाजांची जी गाजलेली तुलना केली, तिच्यातल्या आकड्यांशी ताडणं योग्य नाही. त्या अभ्यासातला ढोबळ निष्कर्ष मात्र टिकून आहे: झडपेमागे फुप्फुसांचं बळ असल्याने तो आवाज मोठा आणि लांब टिकणारा, निरोगी आवाजाच्या जास्त जवळचा. अन्ननलिकेच्या आवाजात ‘आ’ एक-दोन सेकंदांत संपतो.

आता मराठीबद्दल. या पुस्तकात नवं असं काही असेल, तर ते इथे आहे.

‘ह’ हा ध्वनी कुठे तयार होतो? स्वरयंत्रातच. ओठ, जीभ, टाळू यांचा त्यात वाटा नाही. स्वरयंत्र गेलं की तो पहिला जातो. इंग्रजी किंवा डच बोलणाऱ्याचं यामुळे जे नुकसान होतं, त्याहून मराठी माणसाचं जास्त होतं. आपला ‘हो’ आणि आपला ‘नाही’, दोन्हींत ‘ह’ आहे. ‘आहे’ मध्ये आहे, ‘म्हणजे’ मध्ये आहे, ‘नव्हतं’ मध्ये आहे. त्यातून आपल्या भाषेत म्ह, न्ह, व्ह, ल्ह असे ध्वनी आहेत. ‘मणी’ आणि ‘म्हणी’ यांतला फरक केवळ एका श्वासाचा आहे, आणि तो श्वास आता गळ्यातल्या भोकातून जातो.

वर्गीय व्यंजनांत तर आणखी अडचण. कार, खार, गार, घार. किंवा तार, थार, दार, धार. एकाच जागी जीभ लावून आपण चार वेगळे अर्थ काढतो, आणि ते चौघे एकमेकांपासून वेगळे होतात ते स्वरयंत्र कधी थरथरू लागतं आणि मागून किती हवा सुटते, यावर. इलेक्ट्रोलॅरिंक्स चालू असताना कंप थांबत नाही, त्यामुळे ‘कार’ सहज ‘गार’ ऐकू येते. झडपेच्या आवाजात स्नायूचं कडं स्वरतंतूंइतक्या चपळाईने सुरू आणि बंद होत नाही. स्पेक्ट्रोग्रामवर व्यंजन फुटण्याची खूण आणि कंप सुरू होण्याची खूण यांच्यामधलं अंतर मोजलं, की हा गोंधळ नेमका दिसतो, आणि रुग्ण तोंडातल्या हवेचा दाब वाढवून, व्यंजन थोडं लांबवून तो कमी करतो, तेही दिसतं. इंग्रजीत दोन ध्वनींमध्ये निवड असते, आपल्याकडे चारांमध्ये. परदेशी शब्दयादीचं भाषांतर करून मराठी सुबोधता मोजता येणार नाही, ती यादी मराठीतूनच उभी करायला हवी. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या जोड्या त्यासाठीच जमवल्या आहेत.

वेगाचंही तसंच. मिनिटाला किती शब्द, हे इंग्रजीतलं नेहमीचं माप. पण ‘घराबाहेरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे, आणि अन्ननलिकेतल्या हवेच्या एका घोटात तो मावत नाही. रुग्णाला तो मध्येच तोडावा लागतो, आणि तोडला कुठे यावर ऐकणाऱ्याला अर्थ लागतो की नाही ते ठरतं. प्रत्ययाच्या आधी थांबला तर समजतं, मूळ शब्दाच्या पोटात थांबला तर नाही. म्हणून आपण शब्द न मोजता अक्षरं मोजावीत, आणि श्वासांच्या जागा नोंदवाव्यात.

मराठीची या माणसांना काही बाबतींत मदतही होते, आणि ते सांगताना मला मनापासून आनंद होतो. इलेक्ट्रोलॅरिंक्सवर सूर सहजासहजी चढवता येत नाही, पण आपल्याकडे प्रश्नाला ‘का’ आहे. ‘येतोस’ आणि ‘येतोस?’ यांतला सूर गेला, तरी ‘येतोस का’ म्हणता येतं. जोर द्यायला ‘च’ आहे, ‘सुद्धा’ आहे, ‘तरी’ आहे. ‘मीच केलं’ म्हणायला आवाज उंचवावा लागत नाही. ‘आहे’ मधला ‘ह’ बोलताना आपण एरवीही गिळतोच, ‘आलंय’, ‘केलंय’ हे सगळ्यांच्या तोंडी असतं. थेरपिस्टने रुग्णाला ही शब्दांची निवड शिकवली, तर वर्णमालेच्या घोकंपट्टीपेक्षा तिचा उपयोग लवकर होतो. अर्थात घरची बोली पाहूनच. जो जन्मभर ‘हाय’ म्हणत आला, त्याला ‘आहे’ शिकवायला जाऊ नये.

स्त्रियांबद्दल वेगळं प्रकरण आहे, कारण अभ्यासांत त्या फार कमी दिसतात. हा रोग मुख्यतः विडी-सिगारेट आणि दारूशी जोडलेला, म्हणून रुग्णांत पुरुष जास्त. पण शस्त्रक्रियेनंतर बाईचा आवाजही पुरुषाइतकाच खाली जातो. फोनवर पलीकडचा तिला ‘भाऊ’, ‘काका’ म्हणतो. सुबोधता उत्तम, स्थैर्य उत्तम, संकेत पहिल्या प्रकारचा, आणि तरीही ती फोन उचलणं सोडून देते. अशा वेळी ध्वनिमापनाचा कागद एकटा पुरत नाही. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारणारी प्रश्नावली त्याच्याबरोबर असायलाच हवी.

वाचकांपैकी कुणी घाईत असेल, तर त्याने सिद्धान्ताची प्रकरणं नंतर वाचावीत आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. मुद्रण बिघडलं की पुढचं सगळं व्यर्थ. मायक्रोफोन तोंडापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर आणि थोडा बाजूला हवा, म्हणजे स्टोमातून सुटणाऱ्या हवेचा झोत त्यावर येणार नाही. पंखा बंद करावा. प्रत्येक भेटीत लांब ‘आ’ निदान तीनदा घ्यावा, मग उतारा. वाचता येत नसेल, तर एक ते वीस आकडे, आठवड्याचे वार आणि रुग्णाला सांगावीशी वाटेल अशी एखादी हकिगत. हकिगत कधीही गाळू नये, कारण माणूस खरोखर कसा बोलतो ते तिच्यातच सापडतं. फाइल न दाबता, मूळ रूपात ठेवावी, आणि तिच्या नावाबरोबर शस्त्रक्रियेला किती महिने झाले, किरणोपचार झाले होते का, बोलण्याची पद्धत कोणती, झडप कधी बदलली आणि विश्लेषण करताना वारंवारतेची खालची मर्यादा किती ठेवली होती, एवढं लिहून ठेवावं.